संपातचलन गच्चीवरून मोजायचं कसं: एक छिद्र, एक तारा आणि चार महिन्यांची वही

दर जानेवारीत तेच होतं. तिळगूळ हातावर पडतो आणि कुणीतरी ठामपणे सांगतं, "आजपासून उत्तरायण, आता दिवस मोठा व्हायला लागणार." दिवस तर तीन आठवड्यांपूर्वीच मोठा व्हायला लागलेला असतो. मग जूनमध्ये मिरुग निघतो, पाऊस येत नाही, आणि तीच मंडळी म्हणतात, "पृथ्वीचा आस कलला ना, म्हणून सगळं पुढं सरकलंय." पहिल्या वाक्यात संपातचलन, म्हणजे ताऱ्यांच्या तुलनेत ऋतूंच्या खुणांचं सावकाश सरकणं, विसरलेलं असतं, दुसऱ्यात ते नको तिथं घुसवलेलं असतं.

घोळाचं कारण माझ्या मते एकच आहे. आपल्याला हा विषय भोवऱ्यापासून शिकवतात. भोवरा डोलतो, पृथ्वीही डोलते, एका फेरीला सुमारे २६ हजार वर्षं लागतात, झालं. पण २६ हजार वर्षांची गोष्ट डोळ्याला दिसत नाही. दिसते ती दोन खुणांमधली दरी: एक खूण सूर्याच्या सावलीची, म्हणजे ऋतूची, आणि दुसरी ताऱ्याची. ही दरी गच्चीवरून मोजता येते. ती मोजून झाल्यावरच भोवऱ्याकडे वळायचं. खालचा क्रम तसाच लावला आहे आणि तो उलटा करू नका. आम्ही लातूरजवळ हे नववीच्या पोरांसोबत केलं, त्यामुळे उदाहरणातले आकडे लातूरचे आहेत. इतर ठिकाणांसाठी काय बदलायचं ते त्या त्या जागी सांगितलंय.

तयारी: काय लागेल, कधी सुरू करायचं

सुरुवात डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात करा. शेवट १३-१४ एप्रिलच्या मध्यरात्री. मार्चच्या संपाताऐवजी (संपात म्हणजे दिवस-रात्र समान असण्याचा दिवस) सप्टेंबरचा धरायचा मोह होतो, पण परतीच्या पावसाचे ढग आठवडा आठवडा हलत नाहीत. शिवाय आपण जिच्यावरून माप घेणार ती चित्रा नावाची तारका त्या दिवसांत सूर्याजवळ असते, रात्री दिसतच नाही. मार्चमध्ये अवकाळीचा एखादा दिवस बुडेल, एवढंच.

सामान साधं आहे:

- चार बाय दोनच्या दोन शहाबादी फरश्या, शेजारी शेजारी मांडायला
- एक मीटर उंचीची मजबूत घोडी किंवा स्टूल
- वीतभर चौकोनी पत्रा किंवा जाड पुठ्ठा, मधोमध चार-पाच मिलिमीटरचं छिद्र
- गवंड्याचे दोन ओळंबे आणि लेव्हलची पारदर्शक नळी
- तीन मीटरचा वासा किंवा बांबू
- मोबाइलचं घड्याळ (नेटवर्कवरची वेळ चालू ठेवून), पट्टी, वही

गच्ची सपाट असते असं आपल्याला वाटतं, पण ती तशी नसते. प्रत्येक स्लॅबला पाणी जायला ढाळ दिलेला असतो. आमचं पहिलं वर्ष त्यातच वाया गेलं: सावली रोज मन लावून मोजली, आणि मापात दोन सेंटिमीटरचा फरक का येतो ते फेब्रुवारीत कळलं. म्हणून फरश्या वाळूवर बसवा आणि नळीतलं पाणी चारही कोपऱ्यांना एका पातळीत आलं की मगच पुढं जा. माळवदाचं घर असेल तर अंगणात करा. पांढरी माती दबते, आणि घोडी रोज थोडी थोडी खचते.

> सावध: नुसती काठी रोवून सावलीचं टोक मोजू नका. सूर्य हा ठिपका नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे हिवाळ्यात एक मीटरच्या काठीच्या सावलीचं टोक दीड-पावणेदोन सेंटिमीटर धूसर असतं. छिद्रातून पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य मात्र दोन मिलिमीटरपर्यंत नेमका धरता येतो.

टप्पा १: उत्तर-दक्षिण रेषा (डिसेंबर)

पत्रा घोडीवर असा ठेवा की छिद्र फरशीपासून बरोबर १०० सेंटिमीटर उंच येईल. छिद्रातून ओळंबा सोडा आणि तो जिथं टेकेल तिथं खूण करा. पुढची सगळी मापं याच खुणेपासून घ्यायची, घोडीच्या पायापासून नाही. घोडी थोडी वाकडी असली तरी चालते, ओळंबा खोटं बोलत नाही.

ही खूण मध्य धरून १०५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ खडूनं काढा. अकराच्या आधीपासून पावणेदोनपर्यंत दर पाच-दहा मिनिटांनी ठिपक्याचा मध्य फरशीवर मांडा. ठिपका सकाळी वर्तुळ ओलांडून आत येतो आणि दुपारी बाहेर जातो. ते दोन छेदबिंदू जोडा, जोडरेषेचा मध्य काढा आणि तो ओळंब्याच्या खुणेशी जोडा. हीच तुमची उत्तर-दक्षिण रेषा. ती ऑइलपेंटनं पक्की करा, चार महिने टिकायला हवी.

हे काम डिसेंबरमध्येच का? कारण २१-२२ डिसेंबरच्या आसपास सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं त्याचं अंतर, जवळजवळ थांबलेली असते. सकाळचा सूर्य आणि दुपारचा सूर्य एकाच उंचीच्या वाटेवर असतात. मार्चमध्ये क्रांती तासागणिक बदलते आणि रेषा किंचित तिरकी येते. पुढं रात्री ताऱ्याची वेळ याच रेषेवरून घ्यायची आहे, त्यामुळे इथली चूक शेवटपर्यंत सोबत येते.

मोबाइलमधलं होकायंत्र या कामाला वापरू नका. स्लॅबमधल्या सळया त्याला हवं तिकडं वळवतात. गच्चीवर दोन पावलं सरकलं की उत्तर बदलते, करून बघा.

> तपासणी: रेषा काढल्यावर दुसऱ्या दिवशी ठिपका ती रेषा किती वाजता ओलांडतो ते बघा. लातूरला २२ डिसेंबरला ते साधारण १२ वाजून २२ मिनिटांनी व्हायला हवं. पूर्वेकडं गेलात तर रेखांशाच्या प्रत्येक अंशामागे चार मिनिटं लवकर, पश्चिमेकडं चार मिनिटं उशिरा: नांदेडला सुमारे तीन मिनिटं आधी, छत्रपती संभाजीनगरला पाच मिनिटं नंतर. पाच मिनिटांहून जास्त फरक आला तर रेषा पुन्हा काढा.

टप्पा २: संक्रांतीची खरी परीक्षा (२१ डिसेंबर ते १५ जानेवारी)

आता रोज, निदान दिवसाआड, ठिपका रेषेवर येतो तेव्हा त्याचं खुणेपासूनचं अंतर लिहा. हा मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही हे लक्षात ठेवा. मराठवाड्यात तो या काळात सव्वाबारा ते बारा चाळीसच्या दरम्यान पडतो.

लातूरच्या अक्षांशावर (१८.४°) २१-२२ डिसेंबरला हे अंतर साडेएकोणनव्वद सेंटिमीटर येतं. वर्षातलं सगळ्यात जास्त हेच. १४ जानेवारीला ते ८३ वर आलेलं असतं. म्हणजे संक्रांतीच्या दिवसापर्यंत सूर्य उत्तरेकडं चांगला साडेसहा सेंटिमीटर सरकून बसलेला असतो. आमच्या वहीत हे दोन आकडे एकाखाली एक आले तेव्हा एका पोरानं विचारलं, "मग कॅलेंडर चुकलंय का?" या प्रश्नाचं उत्तर घाईनं देऊ नका.

कॅलेंडर चुकलेलं नाही. २१-२२ डिसेंबरला सूर्य सायन मकरेत जातो, म्हणजे ऋतूनं ठरवलेल्या मकरेत. १४ जानेवारीला तो निरयन मकरेत जातो, म्हणजे ताऱ्यांनी ठरवलेल्या मकरेत. एकेकाळी दोन्ही एकाच दिवशी व्हायचं. मधली दरी संपातचलनानं पाडली आणि त्या दरीला अंशात मोजलं की ते झाले अयनांश.

> सावध: "नेमका सर्वांत लहान दिवस कोणता" हे २१ डिसेंबरच्या आसपासच्या मापांवरून ठरवायला जाऊ नका. तिथं पाच दिवसांत ठिपका जेमतेम तीन मिलिमीटर हलतो. त्याऐवजी नोव्हेंबरअखेरचं आणि जानेवारीमधलं सारखं माप शोधा आणि मधला दिवस काढा. २८ नोव्हेंबर आणि १४ जानेवारी या दोन्ही दिवशी ठिपका जवळजवळ एकाच जागी येतो. यासाठी मात्र नोव्हेंबरातच घोडी मांडलेली हवी.

इथं एका वेगळ्याच गोंधळाचा निकाल लावून टाकू. संक्रांत एका वर्षी १४ ला, एका वर्षी १५ ला येते, ते बघून लोक म्हणतात, "बघा, सरकली." हे संपातचलन नाही. ताऱ्यांच्या हिशेबाचं वर्ष ३६५ दिवस, ६ तास आणि सुमारे ९ मिनिटांचं आहे. म्हणून संक्रांतीचा क्षण दर वर्षी सहा तास पुढं जातो आणि लीप वर्षाचा एक दिवस त्याला मागं ओढतो. हे सगळं फेब्रुवारीतल्या एका जास्तीच्या दिवसाचं येणं-जाणं आहे. खरं सरकणं त्या उरलेल्या नऊ मिनिटांत लपलेलं असतं आणि दिसायला शतक लागतं. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. आज ती १४-१५ ला आहे. हे संपातचलन.

याच हिशेबानं आणखी मागं गेलात तर आपल्या बोलण्यातली एक पक्की समजूत डळमळते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, आणि "संक्रांतीच्या दिवशी संक्रांत कोसळली" असं आपण सर्रास म्हणतो. गणित केलं तर त्या वर्षी सूर्याचं मकर संक्रमण १० जानेवारीच्या सुमारास येतं. आजची तारीख अडीचशे वर्षं मागं जशीच्या तशी लावली की असं होतं.

घरात टिळक पंचांग असेल तर तुमच्याकडं आजही संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास असेल. तिथं राशिचक्राचा आरंभबिंदू रेवतीच्या ताऱ्यावरून घेतात आणि अयनांश जवळपास चार अंशांनी कमी धरतात. आपण पुढं चित्रापक्ष घेणार आहोत, म्हणजे आरंभबिंदू चित्रेच्या बरोबर समोर धरणारी पद्धत; राष्ट्रीय पंचांग धरतं ती. दोन पंचांगांचे अयनांश एका हिशेबात मिसळू नका.

टप्पा ३: संपाताचा दिवस पकडणं (१७ ते २३ मार्च)

हा टप्पा सोपा आणि सगळ्यात देखणा. इथं ठिपका दिवसाला जवळजवळ आठ मिलिमीटर सरकतो, त्यामुळे दिवस चुकत नाही. दिवस आणि रात्र समान असलेल्या दिवशी १०० सेंटिमीटरच्या छिद्राचा ठिपका मध्यान्ही इतका दूर पडतो: धाराशिवला ३२.८, लातूरला ३३.३, बीडला ३४.४, नांदेडला ३४.७, परभणीला ३५, छत्रपती संभाजीनगरला ३६.२ सेंटिमीटर. तुमच्या गावाचा आकडा हवा तर अक्षांशाची स्पर्शज्या (कॅल्क्युलेटरवरचं टॅन) काढून १०० नं गुणा.

आकड्याशिवायही हा दिवस ओळखता येतो. साडेदहापासून अडीचपर्यंत दर वीस मिनिटांनी ठिपके मांडा. इतर सगळ्या दिवशी ही वाट वाकडी असते: हिवाळ्यात एका बाजूला, उन्हाळ्यात दुसऱ्या बाजूला. संपाताच्या दिवशी ती पट्टीनं आखल्यासारखी सरळ, पूर्व-पश्चिम. हे बघायला गच्चीवर शेजारीपाजारी गोळा झाले तरी चालतील, पण फरशीवर पाय ठेवू देऊ नका.

संपाताच्या दिवसाच्या आणि दुसऱ्या दिवसाच्या मध्यान्हाची घड्याळी वेळ सेकंदासकट लिहून ठेवा. दोन्हींच्या बरोबर मधला क्षण म्हणजे तुमच्या गच्चीची खरी मध्यरात्र. लातूरला ती १२ वाजून ३१ मिनिटांच्या आसपास येते. घड्याळातले बारा इथं कामाचे नाहीत.

टप्पा ४: चित्रा याम्योत्तरावर, म्हणजे आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर, कधी येते (त्याच रात्री)

आधी चित्रा ओळखायची. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढं नेला की नारिंगी, तेजस्वी स्वाती लागते. तोच बाक आणखी पुढं नेला की निळसर पांढरी चित्रा. तिच्या पश्चिमेला, जरा खाली, हस्ताचे चार तारे पंजासारखे दिसतात. स्वातीलाच चित्रा समजणं ही पहिल्या रात्रीची ठरलेली चूक. दुसरी चूक ग्रहाची. चित्रा क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वर्षभराच्या वाटेला, लागून आहे, त्यामुळे तिच्या आसपास एखाद्या वर्षी गुरू किंवा मंगळ येऊन बसतो. ग्रह स्थिर उजेड देतो, चित्रा लुकलुकते.

आता मांडणी. फरशीवरची उत्तर-दक्षिण रेषा दोरीनं गच्चीवर लांब करा. रेषेच्या दक्षिण टोकाला तीन मीटरच्या वाशावरून एक ओळंबा सोडा. त्याच्या उत्तरेला एक मीटरवर दुसरा ओळंबा, त्याची दोरी सव्वा मीटर उंचीची असली तरी पुरे. दोन्ही दोऱ्या रेषेवर आल्या पाहिजेत. जवळच्या दोरीच्या उत्तरेला अर्ध्या मीटरवर डोकं येईल असं चटईवर आडवं व्हा आणि दक्षिणेकडं वर बघा. चित्रा मराठवाड्यातून सुमारे ६० अंश उंचीवरून जाते, म्हणून उभं राहून हे जमत नाही. मान अवघडते आणि माप बिघडतं.

दोन्ही दोऱ्या एकमेकींवर येऊन एक दिसायला लागल्या की डोकं हलवू नका. चित्रा पूर्वेकडून, म्हणजे तुमच्या डाव्या हाताकडून येईल. ती दोरीमागं गेली की "आली" म्हणा आणि शेजारच्यानं वेळ लिहायची. स्वतः मोबाइल बघितलात तर डोळे दिपतील आणि डोकंही हलेल. लातूरला ही वेळ रात्री १ वाजून ५७ मिनिटांच्या जवळपास असते.

वारा असेल तर ओळंबे पाण्याच्या बादलीत बुडवा, झोका थांबतो. दोरी अंधारात दिसत नसेल तर तिला चुना लावा. गल्लीतला खांबावरचा दिवा मात्र आडोसा धरूनच झाकावा लागतो. त्या रात्री लोडशेडिंग असेल तर भाग्यवान समजा.

> तपासणी: ढगांनी ती रात्र घालवली तर पुढच्या रात्री करा. तारा रोज सुमारे चार मिनिटं आधी येतो, तेवढी बेरीज करा. आणि १३ एप्रिलची रात्र उलटून १४ लागते तेव्हा पुन्हा एकदा बघा: आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीची तयारी चाललेली असते त्या मध्यरात्री लातूरला १२ वाजून २२ मिनिटांच्या आसपास चित्रा दोरीमागं जाते. ही तिथली खरी मध्यरात्रच आहे, दोन मिनिटांचा फरक सोडला तर. म्हणजे त्या दिवशी सूर्य आणि चित्रा समोरासमोर. आपली मेष संक्रांत तीच. संपातापासून इथवर चोवीस दिवस लागले. ढोबळ दरी इथंच हाताला लागते.

टप्पा ५: हिशेब

संपाताच्या रात्रीची खरी मध्यरात्र आणि चित्रा येण्याची वेळ यांच्यातलं अंतर मिनिटांत लिहा. त्या मध्यरात्री सूर्याच्या बरोबर समोरचा बिंदू, म्हणजे शरदसंपात (सप्टेंबरचा संपातबिंदू), याम्योत्तरावर असतो; चित्रा त्याच्यापासून किती दूर आहे ते हे अंतर सांगतं. आम्हाला ८५ मिनिटं मिळाली. आकाश चार मिनिटांत एक अंश फिरतं, म्हणून ८५ भागिले ४, म्हणजे २१.२५ अंश.

इथं थांबून "अयनांश २१" असं जाहीर करणारे पुष्कळ. हे अंश विषुववृत्तावर मोजलेत आणि अयनांश मोजतात क्रांतिवृत्तावर. दोन वृत्तं एकमेकांना २३.४ अंशांनी तिरकी आहेत. पूर्ण त्रिकोणमिती करायची असेल तर करा, नाहीतर चित्रेपुरता जवळचा रस्ता असा: मिळालेल्या अंशात २.६ मिळवा. आमचे झाले २३.८५. नेमका आकडा सध्या २४.२ च्या आसपास आहे. हा २.६ दुसऱ्या कुठल्याही ताऱ्याला लावू नका.

एका मिनिटाची चूक म्हणजे पाव अंश, आणि पाव अंश म्हणजे जवळपास अठरा वर्षं. आमचं सव्वा-दीड मिनिट कुठंतरी हरवलं, बहुधा दोरीच्या झोक्यात.

आता वेग. इथली चूक हुशार माणसंही करतात. चित्रापक्षात अयनांश शून्य असल्याचं वर्ष इसवी सन २८५ धरतात. मग २३.८५ अंशांना मधल्या वर्षांनी भागायचं आणि "वेग निघाला" म्हणायचं. पण २८५ हे वर्षच आजच्या वेगावरून मागं मोजत जाऊन काढलेलं आहे. उत्तर बघून गणित सोडवल्यासारखं झालं ते.

कुणीतरी जुन्या काळी, वेग माहीत नसताना, चित्रा मोजलेली हवी. तशी एक नोंद आहे आणि ती नेमकी याच ताऱ्याची. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात, साधारण १३० च्या सुमारास, ग्रीक ज्योतिर्विद हिप्पार्कसला चित्रा शरदसंपाताच्या ६ अंश अलीकडं सापडली होती. त्याच्या दीडशेएक वर्षं आधी टिमोखारिस या दुसऱ्या ग्रीक ज्योतिर्विदानं ती ८ अंश अलीकडं मोजली होती. त्या दोन आकड्यांतल्या फरकावरूनच हे चलन पकडलं गेलं.

तेव्हा ६ अंश अलीकडं, आता आमच्या गच्चीवरून २३.८५ अंश पलीकडं. एकूण २९.८५ अंश, साधारण २१५० वर्षांत. एका अंशाला ७२ वर्षं. पूर्ण फेरी ३६० गुणिले ७२, म्हणजे २५,९२० वर्षं. आजचे मान्य आकडे: अंशाला ७१.६ वर्षं, फेरी सुमारे २५,७७०. इतकं जवळ येण्यात थोडी नशिबाची साथ आहे. हिप्पार्कसचा आकडा पूर्णांकातला आहे आणि आमचा झोके खाणारा. तरी ओळंबा आणि पुठ्ठा यांच्या मानानं वाईट नाही.

टप्पा ६: आता भोवरा

वहीत आकडा आला की मगच भोवरा काढा. जाळी गुंडाळून फिरवा आणि वेग कमी होताना बघा: भोवरा स्वतःभोवती भरभर फिरतो आणि त्याचा आस सावकाश, तिरका राहून घिरटी घालतो. कल साधारण तेवढाच राहतो, बदलते ती दिशा. पृथ्वीच्या आसाचा कलही या फेरीत सुमारे २३.४ अंशच राहतो, पण आस आकाशात ज्या बिंदूकडं रोखलेला आहे तो बिंदू वर्तुळात फिरतो. आस फिरला की त्याला काटकोनात असलेलं विषुववृत्त फिरतं, आणि विषुववृत्त फिरलं की ते क्रांतिवृत्ताला छेदतं ते संपातबिंदू सरकतात, पश्चिमेकडं, वर्षाला सुमारे ५०.३ विकला (एक अंश म्हणजे ३६०० विकला). परांचन हे आसाचं नाव, संपातचलन हे छेदबिंदूचं. गोष्ट एकच.

भोवऱ्याची उपमा एका जागी फसवते. गुरुत्वाकर्षण भोवऱ्याला आडवा पाडायला बघतं. पृथ्वीला कुणी आडवं पाडत नाही. ती विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, तिथली त्रिज्या ध्रुवाकडच्यापेक्षा २१ किलोमीटरनं जास्त. चंद्र आणि सूर्य तो फुगवटा आपल्या पातळीत ओढतात, म्हणजे आसाला उभा करायला बघतात. त्यात चंद्राचा वाटा सुमारे दोन तृतीयांश. ओढ उलट, म्हणून घिरटीही उलट: भोवरा ज्या दिशेनं फिरतो त्याच दिशेनं डोलतो, पृथ्वी फिरते त्याच्या उलट दिशेनं डोलते. पोरांना भोवरा दाखवताना हे सांगितलं नाही तर ती दिशा आयुष्यभर चुकीची लक्षात ठेवतात.

> सावध, तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: आसाचा कलच कमीजास्त होणं (सुमारे २२.१ ते २४.५ अंश, ४१ हजार वर्षांत) हे वेगळं. आसाची १८.६ वर्षांची बारीक थरथर, म्हणजे अक्षांदोलन, हे वेगळं. आणि भूजल उपशामुळं १९९३ ते २०१० दरम्यान ध्रुव ८० सेंटिमीटर सरकल्याचा जो अंदाज फॉरवर्ड होत असतो तो तर पृथ्वीच्या कवचावरच्या ध्रुवबिंदूचा आहे. आपल्या बोअरांनी भूजलाचं वाटोळं केलं हे खरं, संक्रांत मात्र त्यांनी हलवलेली नाही.

टप्पा ७: मिरुग आणि पाऊस

इथं घाई करू नका, शेतकऱ्यांशी बोलताना तर नाहीच. पाऊस सूर्याच्या क्रांतीशी आणि जमीन तापण्याशी बांधलेला आहे, ताऱ्यांशी नाही. इंग्रजी कॅलेंडर ऋतूंना धरून ठेवतं. म्हणून हजार वर्षांनीही जून हा पावसाच्या तोंडाचाच महिना असेल. सरकतो तो मिरुग. सूर्य मृग नक्षत्रात आज ७-८ जूनला जातो. अयनांश शून्य होते तेव्हा हाच प्रवेश ऋतूच्या हिशेबानं आजच्या १४ मेला व्हायचा. आणखी हजार वर्षांनी तो जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जाईल.

तर "यंदा मृग कोरडा गेला, आस कलला" हे चूक. आजोबांपासून नातवापर्यंतच्या काळात हा फरक एका दिवसाचा आहे. कोरड्या मृगाचं कारण मोसमी वाऱ्यांत शोधा. नक्षत्रावरून पेरणी ठरवणं किती शहाणपणाचं हा निराळा वाद आहे, पण त्यात संपातचलनाला साक्षीला बोलावू नका.

टप्पा ८: ध्रुवतारा आणि सॉफ्टवेअर

ध्रुवतारा मुद्दाम शेवटी ठेवला. एक तर तो आपल्याकडं १८-२० अंशांवरच असतो, एप्रिलच्या धुरळ्यात कित्येकदा दिसतही नाही. दुसरं, तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून अजून अर्ध्या अंशाहून थोडा दूर आहे आणि त्याच्याभोवती रोज एक छोटी फेरी मारतो. कॅमेरा लावून ती फेरी टिपायची आणि "ध्रुव हलताना पकडला, परांचन!" म्हणायचं, हे दर वर्षी कुणीतरी करतं. ती फेरी रोजच्या परिवलनाची. परांचनामुळे तो २१०० च्या सुमारास ध्रुवबिंदूच्या सर्वांत जवळ येईल, मग लांब जाऊ लागेल. सुमारे बारा हजार वर्षांनी त्या बाजूचा ठळक तारा अभिजित असेल, तोही बिंदूपासून काही अंश बाजूलाच.

स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ष पुढं-मागं करून हे सगळं बघता येतं. अट एक: ताऱ्यावर टिचकी मारल्यावर विषुवांश-क्रांतीच्या, म्हणजे ताऱ्याची जागा सांगणाऱ्या, दोन ओळी दिसतात. एक २००० सालाच्या चौकटीतली, दुसरी त्या तारखेची. पहिली ओळ वर्ष बदलूनही जवळजवळ हलत नाही, आणि तेवढीच बघून "काहीच होत नाही" म्हणणारे खूप. दुसरी ओळ बघा. तारीख इसवी सनपूर्व १३० ला न्या आणि चित्रेचा त्या तारखेचा भोग, म्हणजे मार्चच्या संपातबिंदूपासून क्रांतिवृत्तावर मोजलेले अंश, वाचा. तो १८० च्या अलीकडं असेल.

वही पुढं चालवायची असेल तर

संपाताच्या रात्री खऱ्या मध्यरात्रीनंतर किती वेळानं चित्रा येते, ते अंतर दहा वर्षांत सुमारे अर्ध्या मिनिटानं वाढतं. दोरीला सराव झाला आणि वेळ दहा सेकंदांपर्यंत नेमकी यायला लागली, तर हिप्पार्कसची मदत न घेता स्वतःच्याच दोन नोंदींतून हे दिसू शकतं. त्यासाठी रेषा तीच हवी. गच्चीला वॉटरप्रूफिंग करायचं ठरलं तर काम सुरू होण्याआधी रेषेची दोन्ही टोकं कठड्याच्या भिंतीवर खिळा ठोकून उतरवून ठेवा. आमची पहिली रेषा तशीच डांबराखाली गेली.